टेस्ट किटमधला निळा खरंच किती निळा? पाण्याचा रंग वाचायला शिकवणाऱ्या सोरेनसेनची गोष्ट

जुलै महिना. मालवणला आजोळी गेले होते. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर पडवीत एकच पिवळा बल्ब चालू. त्या बल्बाखाली मामाचा फिश टँक, आणि टँकमधले मॉली मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंडं उघडझाप करत होते. मासे असं करायला लागले की पाण्यात काहीतरी बिघडलंय, एवढं तर कुणालाही कळतं.

मामाकडे पाणी तपासायचं किट होतं. काचेच्या छोट्या नळ्या, थेंब टाकायच्या बाटल्या आणि रंगांच्या चौकोनांचं एक कार्ड. पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, सांगितलेले थेंब टाकायचे, सांगितलेली मिनिटं थांबायचं आणि नळीतला रंग कार्डाशी जुळवायचा.

अमोनियाची नळी पिवळी दिसली. कार्डावर पिवळा म्हणजे शून्य. पीएचची नळी निळी झाली. कार्डावरचा शेवटचा निळा चौकोन ७.६ चा होता, म्हणून आम्ही ७.६ धरला. दोन्ही आकडे बरे वाटले. आम्ही निर्धास्त झोपलो.

सकाळी तीन मॉली मेलेले.

मग खळ्यात, उजेडात नवीन पाणी घेऊन तीच टेस्ट पुन्हा केली. अमोनियाची नळी पिवळी नव्हतीच, सरळ सरळ हिरवट होती. पीएचसाठी किटमधली दुसरी, वरच्या पट्ट्याची बाटली वापरली, तर आकडा आला ८.२. म्हणजे रात्री आम्ही दोन्ही रंग चुकीचे वाचले होते. किट बरोबर होतं, वाचणारे आम्ही गंडलो होतो.

हे नेमकं कशामुळे झालं ते शोधता शोधता मी एका डॅनिश माणसापर्यंत पोहोचले. रंग बघून पाण्याचा आकडा सांगायची आज जी पद्धत घरोघरच्या टँकशेजारी वापरली जाते, ती विश्वासाची करण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे. रंग कुठे कुठे खोटं बोलतो, हेही त्यानेच बऱ्याच अंशी लिहून ठेवलं. शाळेत आपण पीएच शिकतो तो याचाच. नाव सोरेन पीटर लॉरिट्झ सोरेनसेन.

सोरेनसेनचा जन्म ९ जानेवारी १८६८ चा. डेन्मार्कमधलं हावरेब्यर्ग नावाचं खेडं, घर शेतकऱ्याचं. अठराव्या वर्षी तो कोपनहेगन विद्यापीठात आला तो डॉक्टर व्हायला. पण तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक एस. एम. योर्गेनसेन भेटले आणि गड्याचं मन मेडिकलमधून उडालं. शिकता शिकता त्याने पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी केली, देशाच्या भूगर्भ सर्वेक्षणात काम केलं, नौदलाच्या गोदीला सल्ला दिला. १८९९ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

आणि १९०१ मध्ये त्याला नोकरी लागली ती थेट बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत.

बिअर कंपनी म्हटल्यावर हसू नका. कार्ल्सबर्गचा मालक जे. सी. जेकबसन याने १८७५ मध्ये ही प्रयोगशाळा काढली तेव्हा एक अट घातली होती की, इथे जे काही सापडेल ते गुपित ठेवायचं नाही, सगळं छापायचं. इथल्याच एमिल हॅन्सनने १८८३ मध्ये शुद्ध यीस्ट वाढवायची पद्धत शोधली आणि कार्ल्सबर्गने ती इतर बिअरवाल्यांनाही देऊन टाकली. इथल्याच योहान केल्डाल याने त्याच वर्षी धान्यातला नायट्रोजन मोजायची पद्धत काढली. आजही पिठातलं किंवा दुधातलं प्रोटीन मोजताना त्याचं नाव घेतलं जातं. १९०० मध्ये केल्डाल वारला आणि त्याची खुर्ची ३३ वर्षांच्या सोरेनसेनला मिळाली. पुढची ३७ वर्षं तो त्याच खुर्चीवर होता.

आता तुम्ही म्हणाल, बिअरचा आणि पाण्याच्या रंगाचा काय संबंध?

तर बिअर होते एन्झाइममुळे. बार्लीतल्या स्टार्चची साखर करणारे, प्रोटीनचे तुकडे करणारे हे पदार्थ भलतेच नाजूक. मिश्रण जरा जास्त आंबट झालं की त्यांचं काम मंदावतं, जरा कमी आंबट झालं तरी मंदावतं. त्यामुळे एन्झाइमवर प्रयोग करायचा तर आंबटपणा नेमका किती, हे माहीत असणं आलंच.

तोवर आंबटपणा मोजायची रीत अशी होती: पाण्यात अल्कली थेंब थेंब टाकत जायचं आणि रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. यातून एकूण आम्ल कळतं. पण एन्झाइमला एकूण आम्लाशी देणंघेणं नसतं. त्याला फरक पडतो तो या घडीला पाण्यात मोकळे फिरणारे हायड्रोजन आयन किती यावर. व्हिनेगर आणि बॅटरीतलं ॲसिड घ्या. अल्कली दोघांनाही सारखीच लागेल असं द्रावण बनवता येतं, पण मोकळे आयन बॅटरीच्या ॲसिडमध्ये कितीतरी जास्त असतात.

हे आयन मोजता येत होते, पण आकडे भयंकर होते. शुद्ध पाण्यात लिटरमागे ०.०००००१ चाही दहावा भाग. असे आकडे लिहायचे, त्यांचे आलेख काढायचे म्हणजे वैताग. १९०९ मध्ये, ४१ व्या वर्षी, सोरेनसेनने एन्झाइमवरच्या एका लांबलचक निबंधात सोपा उपाय सुचवला. त्या आकड्यात दहाचा जो घात येतो, त्याचं उणे चिन्ह काढून तेवढाच आकडा लिहायचा. शुद्ध पाणी म्हणजे ७. लिंबाचा रस साधारण २. समुद्राचं पाणी ८.१ च्या आसपास. हाच पीएच. यातला एच हायड्रोजनचा, पण पी नेमका कशाचा यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात, कारण सोरेनसेनने ते धड सांगितलंच नाही.

या मोजपट्टीची गंमत आणि धोका एकाच गोष्टीत आहे. इथे एक पायरी म्हणजे दहापट. पीएचमध्ये ०.३ चा फरक म्हणजे जवळजवळ दुप्पट. कार्डावर शेजारी शेजारी बसलेले दोन निळे चौकोन डोळ्याला सख्खे भाऊ वाटतात, पण पाण्यात त्यांच्यामध्ये केवढं तरी अंतर असतं.

आमच्या मॉलींचा घात इथेच झाला. किटमधली अमोनियाची टेस्ट पाण्यातला एकूण अमोनिया दाखवते. त्यातला बराचसा भाग माशांना फार त्रास न देणाऱ्या अमोनियम रूपात असतो, थोडा भाग खऱ्या विषारी अमोनियाच्या. कुठला किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. २८ अंशाच्या पाण्यात पीएच ७.६ असेल तर विषारी भाग शेकडा तीनाच्या आत असतो. पीएच ८.२ झाला की तोच शेकडा दहाच्या घरात जातो. अमोनिया तेवढाच, विष साडेतीनपटीहून जास्त.

आणि मामाच्या टँकमध्ये पीएच चढला कसा? आपल्याकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी तसं मऊ, क्षार कमी असलेलं. पण टँकच्या तळाशी शोभेसाठी किनाऱ्यावरून वेचून आणलेले शंखशिंपले मूठमूठ टाकलेले. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो हळूहळू विरघळतो आणि पीएच वर ढकलत राहतो. शिंपल्यांचा चुना करून पानाला लावणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको खरं तर.

पुन्हा सोरेनसेनकडे येऊ.

त्या १९०९ च्या निबंधात पीएच हा शब्द म्हणजे खरं तर छोटीशी सोय होती. निबंधाचं खरं वजन मोजायच्या पद्धतींमध्ये होतं. सोरेनसेनने दोन पद्धती मांडल्या. पहिली विजेची: प्लॅटिनमचा तुकडा, त्यावरून सोडलेला हायड्रोजन वायू आणि त्यातून मिळणारा व्होल्टेज. अचूक, पण वेळखाऊ आणि किचकट. दुसरी रंगाची: काही रंगद्रव्यं पाणी आंबट की अल्कलीचं यावर रंग बदलतात. आपल्या घरातलं उदाहरण हळदीचं. रश्शाचा पिवळा डाग साबण लावला की लाल होतो, आणि हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो.

रंगाची पद्धत सोरेनसेनच्या आधीही होती. १९०४ च्या सुमारास हान्स फ्रीडेनथाल आणि हंगेरीचा पाल सिली यांनी ओळखीच्या पीएचची द्रावणं रांगेत मांडून त्यांच्या रंगाशी नमुन्याचा रंग जुळवायला सुरुवात केली होती. सोरेनसेनने काय केलं, तर प्रत्येक रंगाला विजेच्या पद्धतीसमोर साक्षीला उभं केलं. रंग काय म्हणतो आणि इलेक्ट्रोड काय म्हणतो, दोन्ही ताडून बघायचं. त्याने शंभराच्या आसपास रंगद्रव्यं तपासली आणि त्यातली वीसच भरवशाची म्हणून ठेवली.

बाकीची बाद का झाली? रंग बदलत नव्हती म्हणून नाही. परिस्थिती बदलली की साक्ष बदलत होती म्हणून.

ठेवलेल्या प्रत्येक रंगद्रव्याचा पट्टाही त्याने ठरवून दिला. अमुक रंगद्रव्य अमुक ते अमुक पीएचमध्येच बोलतं, त्याच्या बाहेर ते गप्प असतं. गोड्या पाण्याच्या बऱ्याच किटमध्ये ब्रोमोथायमॉल ब्लू असतं. त्याचा पट्टा साधारण ६.० ते ७.६. सहाला पिवळं, मधे हिरवं, ७.६ ला निळं. त्यापुढे पीएच आठ होवो, साडेआठ होवो, निळ्याचं आणखी निळं होत नाही. म्हणून नळीचा रंग कार्डाच्या शेवटच्या चौकोनाशी जुळला तर त्याचा अर्थ ७.६ असा घ्यायचा नसतो, ७.६ किंवा त्याहून कितीही जास्त असा घ्यायचा असतो. खालच्या टोकालाही तेच. अशा वेळी दुसऱ्या पट्ट्याची बाटली काढायची. आमच्या किटमध्ये ती होती. सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं.

रंग जुळवायचा तो कशाशी, हा पुढचा प्रश्न. यासाठी सोरेनसेनने फॉस्फेट, सायट्रेट, बोरेट, ग्लायसिन यांची बफर द्रावणं बनवायच्या पाककृती दिल्या. बफर म्हणजे असं द्रावण की थोडं आम्ल किंवा अल्कली पडली तरी पीएच जागचा हलत नाही. बफरमध्ये आणि नमुन्यात तेच रंगद्रव्य, तेवढंच टाकायचं आणि सारख्याच जाडीच्या दोन नळ्या शेजारी धरायच्या. आपल्या किटमधलं छापील कार्ड हे त्या नळ्यांच्या रांगेचं स्वस्त रूप. स्वस्त म्हणजे वाईट नाही, पण कागदावरची शाई आणि काचेतलं पाणी उजेडाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. पिवळ्या बल्बाखाली फिकट हिरवा पिवळ्यात मिसळून जातो. उन्हाच्या थेट झोतात फिकट रंग धुऊन निघतो. दिवसाचा सावलीतला उजेड सगळ्यात बरा. नळी किती जाडीतून बघतो त्यावरही रंग गडद-फिका होतो. वरून खाली बघितलं तर पाण्याचा थर जाड, आडवं बघितलं तर पातळ. किटच्या कागदावर जसं बघायला सांगितलंय तसंच बघायचं.

आता माझ्या मते सोरेनसेनच्या आयुष्यातला सगळ्यात भारी भाग, आणि मालवणात बसून वाचताना तर आणखीच. तो भाग समुद्राचा आहे.

१९१० मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट थोर नावाचं जहाज घेऊन भूमध्य समुद्रात संशोधनाला निघाला. हाच श्मिट पुढे ईल माशांची जन्मभूमी शोधण्यासाठी गाजला. त्याच्या जहाजावर सोरेनसेनचा सहकारी स्वेन पालिच होता. कामगिरी अशी की समुद्राच्या पाण्याचा पीएच जागच्या जागी मोजायचा. डोलणाऱ्या जहाजावर हायड्रोजनचे इलेक्ट्रोड कुठे लावत बसणार? शिवाय हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडवून लावतात आणि तो उडाला की पीएचच बदलतो. म्हणजे रंगाला पर्याय नव्हता.

पण समुद्राच्या पाण्यात रंग फसवत होता. गोड्या पाण्यातल्या बफरमध्ये जो रंग अमुक पीएच सांगतो, तोच रंग खाऱ्या पाण्यात थोडा वेगळा पीएच असताना दिसतो. मीठ रंगद्रव्याच्या वागण्यात ढवळाढवळ करतं. याला मिठाची चूक म्हणतात. असाच घोळ प्रोटीनही करतं आणि तोही सोरेनसेनने नोंदवला होता. दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, जाऊ दे, बारीक फरक आहे. सोरेनसेन आणि पालिचने मात्र हा फरक खारेपणाप्रमाणे किती बदलतो ते मोजलं, किती खाऱ्या पाण्यात किती वजा करायचं हे ठरवलं आणि १९१० आणि १९१३ मध्ये छापलं. समुद्राच्या पीएचसाठी त्यांनी एक नवं रंगद्रव्यही वापरात आणलं, आल्फा-नॅफ्थॉलथॅलीन.

म्हणून काही किटमध्ये गोड्या पाण्याचं कार्ड वेगळं आणि समुद्राच्या पाण्याचं वेगळं असतं. तारकर्लीच्या बाजूला कुणी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवला आणि गोड्या पाण्याचं कार्ड समोर धरलं, तर नळी प्रामाणिक असूनही आकडा चुकणार. खाडीच्या पाण्याचं तर विचारूच नका. मे महिन्यात ते वेगळं आणि ऑगस्टमध्ये वेगळं.

थोडं आडवळण घेते, कारण सिंधुदुर्गातल्या वाचकांच्या डोक्यात विजयदुर्ग आलाच असेल. सोरेनसेन जन्मला त्याच १८६८ साली, १८ ऑगस्टला, भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. सूर्याच्या कडेच्या प्रकाशात शास्त्रज्ञांना एक पिवळी रेघ दिसली आणि सुरुवातीला ती सोडियमची समजली गेली. पिवळं ते पिवळंच! मग इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने सोडियमच्या ओळखीच्या रेघांच्या तुलनेत तिची जागा मोजली आणि ती वेगळी निघाली. तोच हेलियम. लॉकियर विजयदुर्गला आला तो जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, साहेबाच्या कट्ट्यांची आठवण त्या मुक्कामाची. सांगायचा मुद्दा एवढाच की नुसत्या डोळ्याला दोन पिवळे एकच वाटतात. शेजारी ओळखीचं काहीतरी ठेवल्याशिवाय ते वेगळे होत नाहीत.

सोरेनसेनचा पीएच लगेच जगभर पसरला असं काही झालं नाही. १९१४ मध्ये लिओनोर मिखाएलिसने या विषयावर पुस्तक लिहिलं, तेव्हा डॉक्टर आणि जीवशास्त्रज्ञांपर्यंत तो पोहोचला. अमेरिकेत दुधावर काम करणारा मॅन्सफील्ड क्लार्क आणि त्याचा सहकारी हर्बर्ट लब्स यांनी १९१७ मध्ये चमकदार रंगांच्या इंडिकेटरची अख्खी मालिका आणली. आपलं ब्रोमोथायमॉल ब्लू त्यातलंच. १९३० च्या दशकात अरनॉल्ड बेकमनने लिंबूवर्गीय फळांच्या रसासाठी पीएच मीटर बनवला आणि मोठ्या प्रयोगशाळांतून रंगाच्या नळ्या मागे पडल्या. घरातून आणि शेततळ्यांवरून मात्र त्या गेल्या नाहीत.

आणखी एक योगायोग. किटमधल्या नायट्राइटच्या टेस्टमध्ये गुलाबी-जांभळा रंग येतो ना, ती रासायनिक क्रिया पीटर ग्रीसने १८७९ मध्ये दिली. तोही इंग्लंडमधल्या एका बिअर कारखान्याचा केमिस्ट होता. म्हणजे माशांच्या टँकचं निम्मं किट बिअरवाल्यांनी उभं केलंय म्हणायला हरकत नाही.

सोरेनसेन स्वतः पुढे पीएचमध्ये अडकून राहिला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या अल्ब्युमिनकडे वळला. त्याचे शुद्ध स्फटिक करून त्याने रेणूचं वजन ३४ हजाराच्या आसपास काढलं. आज ते ४५ हजाराच्या जवळ मानलं जातं. पण प्रोटीन हा लगदा नाही, ठरावीक वजनाचा रेणू आहे, हेच तेव्हा अनेकांना पटत नव्हतं. या कामात त्याची बायको मार्गारेटे होयरुप सोरेनसेन बरोबरीने प्रयोगशाळेत होती आणि निबंधांवर तिचंही नाव आहे. शाळेच्या पुस्तकांत तिचा उल्लेख मला कधी दिसला नाही.

१९२४ मध्ये, म्हणजे पीएच जगभर रुळत असताना, त्याने काय करावं? आपल्या तरुण सहकाऱ्याला, काय लिंडरस्ट्रॉम-लँगला, सोबत घेऊन स्वतःच्याच व्याख्येत दुरुस्ती सुचवली. इलेक्ट्रोड मोजतो ती आयनांची संख्या नसून त्यांची क्रियाशीलता असते, असं नव्या सिद्धांताने दिसायला लागलं होतं. आपलाच गाजलेला आकडा आपणच दुरुस्त करायचा, याला काळीज लागतं.

नोबेल त्याला मिळालं नाही. १९३८ मध्ये, सत्तरीत, तो कार्ल्सबर्गमधून निवृत्त झाला आणि त्याची जागा लिंडरस्ट्रॉम-लँगने घेतली. १२ फेब्रुवारी १९३९ ला सोरेनसेन वारला.

मामाच्या टँकचं म्हणाल, तर शंखशिंपले काढून खिडकीत ठेवलेत. टेस्ट आता सकाळी, खळ्याच्या कडेला सावलीत होते. नळी आधी टँकच्याच पाण्याने दोनदा विसळायची. थेंबांची बाटली सरळ उभी धरायची, तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. झाकण लावून हलवायची, बोट लावून नाही. नायट्रेटची दुसरी बाटली आधी दणकून हलवायची, कारण तिच्यातली पूड तळाशी बसते आणि मग आकडा खोटा कमी येतो. मोबाइलमध्ये टायमर लावायचा. आणि महिन्यातून एकदा, पीएच ७ च्या बफरची एक नळी टँकच्या नळीशेजारी धरून बघायची. बफरची नळी सातचा रंग दाखवत नसेल तर त्या बाटलीची मुदत बघायची.

मामी म्हणते तिला निळा आणि हिरवा मामापेक्षा चांगला ओळखता येतो. दोनदा पडताळून बघितलं, ते खरं निघालं. आता रंग तीच वाचते.